तिसरं रीडिंग

देवरुखच्या कॉलेजातून तो फोन आला नसता, तर मी आणखी चार वर्षं प्रामाणिक माणूस म्हणून नोकरी करून, शाल-श्रीफळ घेऊन, फोटो काढून रिटायर झालो असतो. रसायनशास्त्राच्या मुलांशी तासभर बोला सर, विषय तुमच्या आवडीचा घ्या, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या आणि मी जराही विचार न करता 'बेसलाइन ड्रिफ्ट' असं सांगून मोकळा झालो. मॅडमनी विषयाचं नाव दोनदा विचारून घेतलं. त्यांना बहुधा करिअर मार्गदर्शन वगैरे हवं असावं. पण ज्या माणसाने पंचवीस वर्षं एका आडव्या रेघेकडे बघण्यात घालवली, त्याला आवड विचारल्यावर तो दुसरं काय सांगणार? रत्नागिरीत आमच्या लॅबचं काम तसं साधं. आंब्याचा रस, कोळंबी, काजूगर, जे येईल त्यात फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय ते सांगायचं. नमुन्याचा थेंबभर अर्क यंत्रात सोडला की तो द्रवाबरोबर एका पोलादी नळीतून वाहतो, आत त्याचा एकेक घटक सुटा होतो आणि दिव्यासमोरून जाताना पडद्यावर एक उंचवटा उठवतो. उंचवटा जितका भरीव, तितका अंश जास्त. काहीच जात नसतं तेव्हा जी रेघ नुसती चालत राहते, ती बेसलाइन. ती सपाट असावी अशी अपेक्षा असते. खोली तापली, द्रव बदलला, दिवा जुना झाला की ती हळूहळू वर चढते, आणि चढलेल्या रेघेवरचा उंचवटा तसाच मोजला तर खालचा चढही त्यात धरला जातो. पोराला पाटावर उभं करून उंची मोजावी तसं. उपायही सोपा आहे. नमुना न घालता नुसता द्रव त्याच दिवशी, त्याच यंत्रातून सोडायचा. याला आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँकची रेघ जितकी चढेल तितकी नमुन्याच्या रेघेतून वजा करायची. शनिवारी दुपारी लॅब रिकामी झाल्यावर मुलांना दाखवायला एखादा छान बिघडलेला आलेख शोधत मी जुन्या फाइली उघडत बसलो होतो.

आणि सापडला. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधला, आंब्याच्या रसाचा. रेघ सुरुवातीला सरळ, मग फुगत वर गेलेली, आणि त्या फुगवट्यावर आमचं नेहमीचं बुरशीनाशक बसलेलं. कॉम्प्युटरने पायथ्यातून एक सरळ रेघ मारून तिच्या वरचं सगळं मोजलं होतं. निकाल पॉइंट पाच सहा. मर्यादा पॉइंट पाच. नापास. त्याच्या शेजारीच, त्याच दुपारचा ब्लँक. त्याचीही रेघ तशीच फुगलेली. मी एकातून दुसरा वजा केला. रेघ खाली बसली, उंचवटा एकटा सरळ उभा राहिला आणि खाली नवा आकडा आला. पॉइंट चार एक. पास. मी खूश झालो. लपवून काय करू, खरंच खूश झालो. याहून चांगलं उदाहरण मुलांना मिळालं नसतं. पडद्यावर नुसता नमुन्याचा क्रमांक होता, म्हणून जुनी छापील प्रत मिळते का ते बघायला कपाटातली फाइल काढली. प्रत होती. डोक्यावर माझी तेव्हाची सहायक निशिगंधा हिच्या वळणदार अक्षरात नमुना देणाऱ्याचं नाव होतं. रय्यान अस्लम सोलकर, मु. पो. नाटे. खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही, तारखेसकट.

माणसाला धक्का बसला की तो काय करतो हे मला त्या दिवशी कळलं. तो हातातलं काम पुढे चालू ठेवतो. मी बाटल्यांना लावायच्या पांढऱ्या पट्ट्यांचं रीळ घेतलं, एक पट्टी फाडली आणि रय्यानच्या नावावर नीट चिकटवली, कारण बाहेर दाखवताना गिऱ्हाइकाचं नाव झाकायचं असा नियम आहे. मग दुसरी पट्टी फाडली आणि माझ्या सहीवर चिकटवली. असा नियम कुठेही नाही. मग रीळ जागेवर ठेवलं. एसीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या घरघरीवरूनच तो दिवस सगळा आठवला, कारण त्या दिवशी ती घरघर नव्हती. एप्रिलचा तिसरा आठवडा, दुपारी एकच्या सुमाराला एसी बंद पडला. सकाळचे सगळे नमुने गार खोलीत झाले होते. दुपारनंतरचे दोनच राहिले होते, रय्यानचा आणि त्यामागून ब्लँक. घामाने चष्मा घसरत होता. तेव्हा माझ्या हाताखाली निशिगंधा होती, गुहागरकडची, हुशार आणि तोंडाने जराशी फटकळ. ती पडद्यासमोरून म्हणाली, "सर, बेसलाइन चढलीय बघा. एसी चालू झाला की परत लावू काय?" मी उठलोसुद्धा नाही. तिने नाव वाचून दाखवलं होतं आणि नाटे हा शब्द कानावर पडल्याक्षणी मी ताठ झालो होतो. म्हटलं, "नको. ओळखीचं सॅम्पल आहे. परत परत लावून पास केलं म्हणतील." ती म्हणाली, "कोण म्हणतील?" मी म्हटलं, "आहे ते छाप."

कोण म्हणतील? तीन वर्षांनी मी त्या प्रश्नावर विचार करत बसलो होतो. कोणी म्हणणार नव्हतं. रय्यानचा बाप अस्लम माझा मित्र आहे हे लॅबमध्ये माझ्याशिवाय कोणाला माहीतही नव्हतं. नंतर मी तिच्या मागून पडद्याकडे नुसती नजर टाकली, सकाळची स्टँडर्ड, म्हणजे अंश आधीच ठाऊक असलेले नमुने, नीट आली होती एवढं पाहिलं आणि सही केली. दुसऱ्या कोणाचा नमुना असता, देवगडच्या, पावसच्या, कुठल्याही अनोळखी बागायतदाराचा, तर मी निशिगंधाला म्हटलं असतं, लाव परत. शंभर वेळा म्हटलंय. त्या एका पोराच्या नमुन्याला मी ती सवलत दिली नाही, कारण त्याचा बाप माझ्या जिवाभावाचा होता. याला मी तेव्हा तत्त्व म्हणत होतो.

अस्लमची आणि माझी ओळख ब्युरेटवरची. रत्नागिरीच्या कॉलेजात एस.वाय.ला प्रॅक्टिकलच्या टेबलावर आम्हाला जोडीने उभं केलं होतं. तो नाट्याचा, मी देवरुखच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. तो सुकी मच्छी पाठवणाऱ्या घरातला आणि मी मच्छी फक्त शिमग्याला भाऊ मुंबईहून आला की खाणाऱ्या घरातला. टायट्रेशनची, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून किती द्रव सोडावा लागला त्याची, तीन रीडिंग घ्यायची असतात. वर्गातले सगळे दोन घ्यायचे आणि तिसरं मनाने लिहायचे, पहिल्या दोहोंच्या मधलं, शंका येऊ नये असं. मीही तेच करायचो, आणि माझी जर्नल सगळ्यांत सुबक असायची. अस्लम तिसरं घ्यायचा. सगळे हात धुऊन कँटीनला गेलेले असायचे आणि हा फ्लास्क हलवत उभा. "थांब रे, अजून गुलाबी नाय झालेला," असं म्हणत एकेक थेंब सोडायचा. मी वैतागून म्हणायचो, अरे दोन जुळली ना, मग? तो म्हणायचा, "दोन जुळतात रे, चुकीची पण जुळतात." त्याचं तिसरं कधीकधी जुळायचं नाही, मग तो चौथं घ्यायचा, आणि मी टेबलावर बसून पाय हलवत त्याला शिव्या घालायचो. मार्क मला जास्त पडले. पुढे तो वडिलांच्या माघारी कुवेतला गेला, बारा वर्षं गोदामात काढली, परत येऊन नाट्याच्या सड्यावर कातळ फोडून कलमं लावली, आणि मी एम.एस्सी. होऊन केमिस्ट झालो. हे उलटं व्हायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटायचं. पण ते मी त्याला कधी बोललो नाही.

माझं तत्त्व कुठून आलं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी नुसता आखडू वाटेन. पहिली नोकरी एका औषध कंपनीत केली, तिचं नाव घेत नाही. तिथले साहेब दुपारचा चहा झाला की माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायचे, माऊस हातात घ्यायचे आणि नको असलेल्या उंचवट्याच्या पायथ्याची रेघ धरून वर उचलायचे. रेघ वर, उंचवटा गायब. "ड्रिफ्ट होता रे, करेक्ट केला," असं हसत सांगायचे. एकदा ते रजेवर होते आणि माल अडला होता, तेव्हा ती रेघ मी उचलली. माझ्या हाताने. कोणाला काही झालं नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही, पण त्यानंतर महिनाभर मला जेवण गेलं नाही आणि मी राजीनामा दिला. रत्नागिरीच्या या लॅबमध्ये आलो तेव्हा मनाशी ठरवलं की रेघेला हात लावायचा नाही. यंत्र जशी मारेल तशी. पुढे त्याचा बोलबाला झाला. "विनोदसाहेब रेघ हलवत नाहीत," असं बागायतदारांत म्हणायचे, आणि ते ऐकून मी मान खाली घालून नम्र चेहरा करायचो. रेघ खोटी हलवणं आणि खोटी चढलेली रेघ खाली आणणं या दोन गोष्टींत फरक आहे, हे मी दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर काढून शिकवत होतो. स्वतःच्या बाबतीत मात्र हात न लावण्याचंच मला एवढं कौतुक होतं की फरक बिरक सगळा गुंडाळून ठेवला होता.

रिपोर्ट गेला आणि दोन दिवसांनी रय्यान काउंटरवर आला. पंचविशीचा, बापासारखाच उंच, उन्हाने रापलेला. त्या वर्षी बागेची फवारणी बापाने पहिल्यांदाच पूर्णपणे त्याच्या हाती दिली होती. तोडणीच्या आधी किती दिवस औषध बंद करायचं हे त्याने कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवलं होतं, आणि ते कॅलेंडर तो भिंतीवरून काढून, गुंडाळी करून घेऊन आला होता. "चाचा, ह्या तारखेनंतर मी पंपाला हात नाय लावला. अब्बा ऐकत नायत. एकदा परत कराल काय?" मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतंय. म्हणालो, "रय्यान, तू दहा वेळा आणलंस तरी आकडा तोच येणार आहे."  मग त्याने कॅलेंडर परत गुंडाळलं, रबर लावलं आणि म्हणाला, "बरं, चाचा." त्या वेळी त्याचा बाकीचा रस आमच्या फ्रीझरमध्ये होता, माझ्यापासून पंधरा पावलांवर. त्याच संध्याकाळी अस्लमचा फोन आला. मी खुलासे तयार ठेवले होते, पण तो भांडला नाही. त्याने आभार मानले. "तू होतास म्हणून कळला. दुसरा कोण असता तर झाकला असता. पोरग्याने शेवटी घाबरून मारला असणार औषध, करपा दिसला म्हणून. आणि तोंड वर करून खोटा बोलतो, याचा वाईट वाटतो रे." मी म्हणालो, जाऊ दे, पोरं चुकतात. चक्क असं म्हणालो. पुढचं सगळं उडत उडत कळलं. परदेशातलं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, पण अस्लमला त्याचं फार नव्हतं. त्याने चार माणसांत मुलाला खोटारडा म्हटलं आणि बागेच्या बेड्याची, म्हणजे फाटकाची, किल्ली काढून घेतली. जूनमध्ये रय्यान दोह्याला गेला. गेल्या वर्षी मिरकरवाड्याला अस्लम भेटला तेव्हा मी विचारलं, बोलतो का? तो सुरमईचे कल्ले उचलून बघत म्हणाला, "आईशी बोलतो." तोवर त्याची दाढी सगळी पांढरी झाली होती.

घरी येऊन तेजस्वीला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. तिने पहिल्यांदा आकडे विचारले, मग तारखा, आणि मग समोरची विळी आडवी केली. "आणि आता तुम्ही जाऊन सांगणार? तीन वर्षांनी? ते बिचारे मुलाची चूक होती असं धरून कसेबसे जगताहेत. तुम्ही सांगितलंत की ती चूक त्यांची स्वतःची ठरते. हलकं कोणाला वाटणार आहे, तुम्हालाच ना?" हे अगदी बरोबर होतं, म्हणून मला राग आला. म्हटलं, मग काय गप्प बसू? ती म्हणाली, "तसं म्हटलं नाही मी. जा. पण माफी मागायला म्हणून जाऊ नका. आकडा सांगायला जा." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला आकडाच नीट सांगता येतो." तिच्या बोलण्यात टोमणा होता की माया, ते तीस वर्षांच्या संसारानंतरही मला ओळखता येत नाही. रविवारी सकाळी मी दोन्ही आलेख पिशवीत घालून निघालो.

नाट्याची एस.टी. भाट्याच्या पुलावरून जाते तेव्हा सगळे प्रवासी एकदा तरी खिडकीतून डावी-उजवीकडे बघतात. मी पिशवीकडे बघत होतो. पावस, पूर्णगड, कशेळी. डिसेंबर संपत आला होता, कलमांवर मोहोर दिसायला लागला होता आणि ठिकठिकाणी पंपांचे आवाज चालू होते. पंप दिसला की मला रय्यानचं कॅलेंडर आठवायचं, लाल पेनाची ती गोल खूण. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मीच चांगला ठरत होतो. 'माझ्या लक्षात आल्याबरोबर आलो.' 'नियमाप्रमाणे सोमवारी सुधारित रिपोर्ट काढायला लावणार आहे, माझं काय व्हायचं ते होवो.' खोडून परत जुळवायचो, परत तेच. त्यातच आणखी एक गोष्ट वर आली, जी मी तेजस्वीलाही सांगितली नव्हती. सहा महिन्यांनी जुने नमुने टाकून देतात. त्या वर्षी ऑक्टोबरात यादी माझ्यापुढे आली, तेव्हा त्यात तो क्रमांक होता. मी ओळखला. क्षणभर पेन थांबलं. रय्यानच्या तोंडावरचं ते 'बरं, चाचा' आठवलं होतं, अगदी स्पष्ट. वाटलं, कोणाला न सांगता एकदा लावून बघावं. आणि मग वाटलं, पास आला तर? त्या 'तर'च्या पुढे मी गेलो नाही. टिकमार्क केली. म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं असंही नाही. आडिवऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबली, लोक चहाला उतरले, मी उतरलो नाही.

अस्लमचं घर खाडीच्या बाजूला, जांभ्याचं, पुढे सिमेंटची पडवी. तो पडवीतच बसला होता, जाळीदार टोपी घालून, मोबाइलवर कसलंसं भाषण ऐकत. मला बघून त्याने ते बंद केलं. "अरे! फोन करायचास. रिकाम्या हाताने आयलास की काय? हफीजा, बघ कोण आला!" हफीजाभाभी आतून आल्या, डोक्यावर पदर घेत. "विनोदभाव, किती दिवसान्! तेजस्वीताय बऱ्या हायत ना?" असं विचारून चहा ठेवायला वळल्या. मी म्हटलं, भाभी, तुम्हीही बसा. त्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी जुळवलेलं एकही वाक्य बोललो नाही. पिशवीतून दोन्ही कागद काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने चष्मा लावला. बी.एस्सी. होऊन बत्तीस वर्षं झाली तरी त्याला समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या कागदावरच्या फुगलेल्या रेघेवरून त्याने बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून, मग दोन्ही आकडे वाचले.

"ब्लँक त्याच दिवशीचा?"

"त्याच दुपारचा."

"म्हणजे तेव्हाच तुझ्याकडे होता."

"होता."

"मग?"

"मग वजा केला नाही. परतही लावला नाही. मुलगी विचारत होती, मी नको म्हटलं."

"का?"

"तुझं होतं म्हणून."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्याला ते लगेच कळलं, आणि कळलं हे दिसल्यावर मला तिथे बसवेना. पडवीच्या पलीकडे कोणीतरी होडीला डांबर लावत होतं, त्याचा वास येत होता. "मी तुझ्याकडे कधी काय मागितला होता?" तो हळू म्हणाला. "नाही." "मग तू कोणाला घाबरलास?"  मी नुसतं म्हटलं, "अस्लम, चुकलो मी." तेजस्वीने बजावलं होतं तरी तोंडातून गेलंच. ते त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. तो परत कागदाकडे वळला होता. एकावर पॉइंट पाच सहा, दुसऱ्यावर पॉइंट चार एक. दोन रीडिंग, आणि जुळत नव्हती. त्याच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. कॉलेजच्या टेबलापाशी तो असाच मान तिरकी करून उभा राहायचा.

"सॅम्पल हाय अजून?"

"टाकलं. सहा महिन्यांनी टाकतात." जरा थांबून म्हणालो, "मीच टाकलं."

"म्हणजे तिसरा घेता येणार नाय," तो म्हणाला. आणि मग स्वतःशीच, "मग खरा कोण, कसा कळायचा?" तो मला चिमटा काढत नव्हता, खरंच विचारत होता. मी त्याला सांगायला लागलो की वजाबाकी शास्त्रशुद्ध आहे, जगभर करतात, शंका घ्यायला जागा नाही. आणि सांगता सांगता थांबलो, कारण तीन वर्षांपूर्वी काउंटरवर मी याच आवाजात बोललो होतो.

तेवढ्यात हफीजाभाभी दारातून हलल्या. आत गेल्या, लाकडी कपाटाचं दार करकरलं, आणि एक पिवळा लिफाफा घेऊन परत आल्या. त्यांनी तो अस्लमच्या मांडीवर, माझ्या कागदांवर ठेवला. मुंबईच्या एका लॅबचा शिक्का, वर अस्लमचं नाव. फोडलेला नव्हता. "पोरग्यान् धाडलेला," त्या मला म्हणाल्या, त्याला नाही. "तुमच्याकडसून आयला ना, त्याच दिवशी त्याच तोडीचं आंबं घेऊन मुंबईक् गेला. तिथल्यांना सांगितलान्, कागद माका दाखवू नका, सरळ अब्बांच्या नावान् टाका. मी मधे हात लावला असा कोण बोलूक नको. आयला तेव्हा ह्यांनी उघडला नाय. बोलले, विनोदच्या वर कोणाचा कागद? फाडूक चाललेले, मी घेतलंय काढून." अस्लम म्हणाला, "तू उघडायचास." त्या म्हणाल्या, "नाव तुमचा हाय." एवढंच. आवाज चढला नाही, पण ते ऐकून मी खाली बघायला लागलो. विनोदच्या वर कोणाचा कागद. माझ्या नावाचा एवढा मान जगात आणखी कोणी कधी केला नव्हता, आणि त्या मानाने एक घर मोडलं होतं.

अस्लमने लिफाफ्याची कड फाडली. ती वेडीवाकडी फाटली. ब्युरेटची तोटी धरून तीच बोटं एकेक थेंब मोजून सोडायची. आतला कागद त्याने एकदा वाचला, मग माझ्या कागदाशेजारी ठेवून परत वाचला आणि मला दिला. पॉइंट चार दोन. मी तारीख बघितली, पद्धत बघितली, उगाच सही बघितली. जुळत होतं. तीन वर्षं तिसरं रीडिंग या घरात, बांगड्या आणि शिधापत्रिकेच्या शेजारी पडून होतं. ते पोराने घेतलं होतं, बापाच्याच सवयीने. अस्लमला तेच सुचलं असावं, कारण तो एकदम म्हणाला, "मी शिकवलेला त्याला. लहानपणी. काट्यावर मच्छी तोलताना. तीनदा तोल बोलायचो." आणि मग तो रडायला लागला. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही. चष्मा काढून हातात धरून बसला. मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेलो आणि मधेच मागे घेतला. तो हक्क माझा राहिला नव्हता.

भाभींनी फोन लावून त्याच्यासमोर धरला. आवाज मोठा केलेला. चार घंट्या झाल्या. "हां अम्मी," रय्यानचा आवाज आला, मागे कुठेतरी गाड्यांची घरघर. अस्लमने चष्मा परत लावला. "अम्मी? बोल ना. काय झाला?" मी पुढे झुकलो. सांगायला मी आलो होतो, मीच सांगायला हवं होतं. पण अस्लमने हाताने मला थांबवलं. "बाबू," तो म्हणाला, "बाबू, तुझा लिफाफा आज उघडला." पलीकडे गाड्याच ऐकू येत राहिल्या. एवढा वेळ की भाभींनी फोन उलटा करून बघितला, कट झाला की काय. मग रय्यानने विचारलं, "किती आला?"

"पॉइंट चार दोन."

"बरं," रय्यान म्हणाला. काउंटरवर म्हणाला होता तसंच. "मला ड्युटीवर जायचंय, अब्बा." आणि फोन बंद झाला. भाभी म्हणाल्या, "उद्या करील. अब्बा बोलला ना तो, ऐकलात?" अस्लमने मान हलवली. उद्या करील की नाही, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

चहा झाला. न पिता उठणं मला जमलं नाही, आणि पिणंही. साडेबाराची गाडी होती. मी कागद गोळा करायला लागलो तेव्हा अस्लमने जुन्या प्रतीवर हात ठेवला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे त्याचं लक्ष गेलं होतं. "हा कशाला?" मी सांगितलं, शुक्रवारी देवरुखला मुलांना दाखवायचं होतं, म्हणून नाव झाकलं. आता नाही दाखवणार, दुसरं काहीतरी घेईन. "दाखव," तो म्हणाला. "हाच दाखव. पण नाव नको झाकूस त्याचा. त्यान् काय केलान् नाय." मी मान हलवली. मग त्याने खालच्या पट्टीवर बोट ठेवलं.  मी पडवीच्या पायरीवर बसलो, कागद गुडघ्यावर घेतला आणि नखाने पट्ट्या खरवडायला लागलो. डिंक पक्का होता. आधी रय्यानचं नाव मोकळं झालं, अक्षरं शाबूत. माझी सही निघता निघेना, पण अस्लम समोर उभा होता, आणि गाडीला अजून वेळ होता.